धर्माला हसावे काय?



दीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे पहिल्या वर्षा-दोन वर्षांत अनेक प्रश्न उभे राहतात. शाळेच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहावा, मुलीचे लग्न कोणत्या विधीने लावावे, देव्हाऱ्यातील टाकांचे काय करावे, हे त्यांतील मोठे प्रश्न होत. त्यांची चर्चा विहारात होते, सभेत होते आणि आमच्यासारख्या पाक्षिकांतूनही होते. परंतु एक प्रश्न असा आहे की तो घराघरांत धुमसत असतो आणि चारचौघांत मात्र कोणी त्याचा उच्चार करीत नाही. तरुण मुलगा हातातील मोबाईलवर एखाद्या विनोदी नटाने केलेली देवाधर्माची थट्टा पाहतो व मोठ्याने हसतो. आई म्हणते, "अरे, कुणाच्या देवाला हसू नये." मुलगा म्हणतो, "आपण देव मानीतच नाही, मग हसायला हरकत कोणती?" आणि बाप गप्प बसतो.

या गप्प बसलेल्या बापासाठी हा लेख आहे. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. धर्मसंस्थेला हसणे, तिच्यापुढे कॅमेरा उभा करून तिला प्रश्न विचारणे यात पाप नाही. धर्मचिकित्सेचे ते जुने व सुलक्षणी साधन आहे. मात्र हे साधन हाती धरणाऱ्याने दोन अटी पाळल्या पाहिजेत. पहिली अट अशी की, हसू खालून वर गेले पाहिजे; दुबळ्याने बलवंताला हसावे, बलवंताने दुबळ्याला हसू नये. दुसरी अट अशी की, जो दुसऱ्याच्या धर्मापुढे आरसा धरतो, त्याने आपल्या दारातही तो आरसा येऊ दिला पाहिजे. पहिली अट आपल्याला पटण्यास वेळ लागणार नाही. दुसरी मात्र जड जाईल, आणि म्हणूनच तिच्याविषयी आम्ही अधिक बोलणार आहोत.

प्रथम हे समजून घ्या की, धर्माला हसणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली चाल नव्हे. दीघनिकायातील तेविज्ज सुत्त विहारात वाचावयास लावा आणि नीट ऐका. वासेट्ठ व भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माला जाऊन मिळण्याचा मार्ग कोणता, यावर भांडत तथागतांकडे येतात. तथागत त्यांना एकच साधा प्रश्न विचारतात: तुमच्या त्रैविद्य ब्राह्मणांपैकी कोणी ब्रह्माला डोळ्यांनी पाहिले आहे काय? त्यांच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? मंत्र रचणाऱ्या प्राचीन ऋषींनी तरी? प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, नाही. मग तथागत दृष्टान्त देतात तो एकमेकांचा हात धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही आणि शेवटच्यालाही दिसत नाही. पुढे ते एका प्रेमवीराची गोष्ट सांगतात. हा गृहस्थ देशातील सर्वांत सुंदर स्त्रीवर अनुरक्त आहे. परंतु तिचे नाव काय, गाव कोणते, ती उंच की ठेंगणी, गोरी की सावळी, यांतले त्याला काहीच ठाऊक नाही! नदीच्या अलीकडच्या तीरावर उभा राहून पलीकडच्या तीराला "इकडे ये" म्हणून हाका मारणारा माणूसही याच सुत्तात भेटतो. हा विनोद नव्हे तर दुसरे काय? आणि या विनोदात कोणाची कुचेष्टा नाही, हे ध्यानात घ्या. सुत्ताच्या अखेरीस ते दोघे तरुण शरण येतात. अपमान झाल्याची त्यांची तक्रार नाही.

थेरीगाथेतील पुण्णिकेची कथा तर आपल्या प्रत्येक मुलीला पाठ असावी. पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची दासी. मालकिणीच्या माराच्या भयाने कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरावयास जाणारी. तेथे एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी थंड पाण्यात कुडकुडत बुड्या मारीत असतो. ती त्याला म्हणते की, स्नानाने पाप धुतले जात असेल, तर नदीतले बेडूक, कासवे, पाणसाप आणि सुसरी आधी स्वर्गाला पोहोचतील. आणि ही नदी तुमचे पाप वाहून नेणारी असेल, तर तुमचे पुण्यही तीच वाहून नेईल, मग तुमच्यापाशी उरेल काय? पाणी भरणारी दासी आणि पाण्यात उभा असलेला द्विज! या ठिकाणी हसू खालून वर गेले आहे. त्या ब्राह्मणाने तिचे म्हणणे मानले, हेही त्या गाथांत नोंदलेले आहे.

हीच परंपरा महाराष्ट्रात महात्मा फुल्यांनी पुन्हा जागी केली. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांचे भय घालून तिच्या घराला लुबाडणारा जोशी त्यात आहे, आणि पावलोपावली त्या लबाडीवर बोट ठेवणारा विदूषकही आहे. संस्कृत नाटकातील विदूषक राजाचे मन रिझवी. जोतीरावांचा विदूषक रयतेचे डोळे उघडतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले, यात नवल ते काय? पुढे सत्यशोधक जलसे आले आणि त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे आले. तमाशाचा साचा तोच. परंतु गण, गवळण, बतावणी आणि वग यांतून पुरोहितशाहीचे सोंग उघडे पडू लागले. नाशिकच्या भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगावच्या माणसांना आधी हसविले, मग विचारात पाडले आणि नंतर उभे केले. बाबासाहेबांच्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असा खुद्द बाबासाहेबांचा अभिप्राय जुने जलसाकार अभिमानाने सांगत. गाडगेमहाराजांचे कीर्तन तर निव्वळ प्रश्नोत्तरांचेच असे. नवसाला बोकड कापणाऱ्या माणसाला ते असे काही भोळे प्रश्न विचारीत की, तो स्वतःच्याच उत्तराला हसू लागे. तात्पर्य, धर्माला हसू नये ही शिकवण आपल्या वारशातली नाही. ज्यांच्या धंद्याला ते हसू बाधत होते, त्यांनी ती आपल्या आजी-आजोबांना दिली.

आता आजच्या साधनांकडे वळू. जलशाची जागा आज बोलपटाने आणि अनुबोधपटाने घेतली आहे. पाश्चात्त्य देशांत ख्रिस्ती धर्मसंस्थेला या दोन साधनांनी कसे प्रश्न विचारले गेले, याची दोन उदाहरणे आम्ही पुढे ठेवतो. कारण दुसऱ्याच्या घरातले भांडण पाहताना डोके शांत असते, आणि शांत डोक्याने पाहिले म्हणजे गुणदोष दोन्ही दिसतात.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील. १९७९ साली 'मॉन्टी पायथन' या विनोदी नटमंडळाने 'लाइफ ऑफ ब्रायन' नावाचा बोलपट काढला. येशूच्या शेजारच्याच गोठ्यात जन्मलेल्या ब्रायन नावाच्या एका सामान्य माणसाला लोक चुकून प्रेषित समजतात, आणि त्याने कितीही नाकारले तरी त्याचा पिच्छा सोडीत नाहीत, ही त्याची कथा. पळता पळता त्याच्या पायातील एक पायताण गळून पडते. ते हाती लागताच भक्तांमध्ये त्याच्या अर्थावरून तंटा सुरू होतो आणि क्षणार्धात पंथ निघतात. येशूचे प्रवचन चालू असताना मागे उभ्या असलेल्या लोकांना नीट ऐकू येत नाही, ते भलतेच शब्द ऐकतात आणि त्यावर वाद घालतात. येशूची थट्टा या बोलपटात नाही. थट्टा आहे ती अनुयायांच्या मेंढरपणाची. तरीही केवढा गहजब झाला! चित्रीकरण सुरू होण्याच्या बेतात असताना मूळ कंपनीने पैसा काढून घेतला, आणि बीटल्स वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांनी भांडवल उभे केले म्हणून तो पुरा झाला. नॉर्वेत त्यावर वर्षभर बंदी होती, आयर्लंडमध्ये ती १९८७ पर्यंत टिकली. स्वीडनमध्ये मात्र, इतका विनोदी की नॉर्वेने बंदी घातली, अशी जाहिरात करून तो दाखविण्यात आला. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात मंडळातील दोन नट एका बाजूस आणि एक बिशप व एक नामवंत पत्रकार दुसऱ्या बाजूस, असा वादही झाला. वाद झाला, डोकी फुटली नाहीत. ही गोष्ट आम्हांस त्या बोलपटाइतकीच मोलाची वाटते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. २००८ साली बिल माहेर या विनोदी नटाने दिग्दर्शक लॅरी चार्ल्स यांच्याबरोबर 'रिलिजुलस' हा अनुबोधपट केला. 'धर्म' आणि 'हास्यास्पद' या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द एकमेकांत गुंफून हे नाव बनविलेले आहे. माहेर यांचे वडील कॅथलिक, आई ज्यू. चित्रपटात आई आणि बहीण दोघींनाही समोर बसवून ते घरातील धर्माविषयी विचारपूस करतात. मग ते निघतात. मालमोटारी हाकणाऱ्यांच्या एका छोट्या प्रार्थनागृहात जातात. फ्लोरिडातील एका धार्मिक करमणूक-उद्यानात येशूची भूमिका करणाऱ्या नटाशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालतात. आर्कान्सासच्या एका सिनेटरला उत्क्रांतीविषयी विचारतात, तेव्हा सिनेटमध्ये येण्यासाठी बुद्धिमत्तेची परीक्षा द्यावी लागत नाही, असे तो सिनेटर स्वतःच बोलून जातो! व्हॅटिकनच्या वेधशाळेचे माजी संचालक फादर जॉर्ज कॉयन यांनाही ते भेटतात. आधुनिक विज्ञानाचा जन्म होण्यापूर्वी बायबल लिहिले गेले, त्यात विज्ञान शोधू नये, असे हे पाद्रीमहाशय शांतपणे सांगतात. धर्मसंस्थेच्या गाभ्यातही विवेकी माणूस असू शकतो, हे दाखविण्याचा प्रामाणिकपणा या चित्रपटात आहे, हे मान्य केले पाहिजे. सुमारे पंचवीस लक्ष डॉलरांत झालेल्या या अनुबोधपटाने अमेरिकेत एक कोटी तीस लक्षांच्या घरात उत्पन्न मिळविले. प्रश्न ऐकण्यास लोक उत्सुक असतात, याचे हे प्रमाण आहे.

तरीही या चित्रपटात आम्हांला तीन दोष दिसतात, आणि ते आपल्या तरुणांनी ओळखावेत अशी आमची इच्छा आहे. पहिला दोष, मुलाखती मिळविण्यासाठी लोकांना चित्रपटाचे नाव वेगळेच, 'आध्यात्मिक प्रवास' अशा अर्थाचे सांगण्यात आले होते. सत्य शोधावयास निघालेल्याने दारात असत्य बोलावे काय? दुसरा दोष, समोरचा माणूस उत्तर देत असतानाच त्याचे वाक्य तोडून मध्ये जुन्या चित्रपटांचे तुकडे आणि खाली खोचक अक्षरे घातलेली आहेत. सिनेटरची अशी फजिती झाली तर त्याला आपला कैवार घेता येतो. मालमोटार हाकणाऱ्या कष्टकऱ्याला तो घेता येत नाही. गंमत अशी की, त्या प्रार्थनागृहातील एक माणूस रागाने निघून जातो खरा, पण बाकीचे या नास्तिकासाठी हात ठेवून प्रार्थना करतात, आणि त्या क्षणी प्रेक्षकाचे मन विनोदी नटाकडे न राहता त्या साध्या माणसांकडे जाते. तिसरा दोष, शेवटी इस्राएलमधील मगिद्दो येथे उभे राहून माहेर स्वतःच जगबुडीचे प्रवचन देऊ लागतात. प्रवचनकाराची टर उडविणारा अखेरीस व्यासपीठावर चढून प्रवचनकार व्हावा, यासारखी दुसरी थट्टा नाही!

या दोषांवर उतारा आपल्याच देशात सापडतो. आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' हा १९९२ सालचा अनुबोधपट आपण पाहिला नसेल, तर अवश्य पाहा. १९९० साली सोमनाथहून अयोध्येकडे निघालेल्या रथयात्रेच्या काळात तो चित्रित झाला. येथे मध्येच घातलेले थट्टेचे तुकडे नाहीत. दिग्दर्शक भोळेपणाने प्रश्न विचारतात आणि कॅमेरा वाट पाहत राहतो. रामाचा जन्म नेमका केव्हा झाला, एवढेच विचारले की घोषणा देणारे तरुण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हसू येते, पण ते कोणी ओढून आणलेले नसते. आणि त्याच चित्रपटात न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमीचे पुजारी महंत लालदास भेटतात. हा सारा खेळ सत्तेसाठी आणि पैशासाठी चालला आहे, असे तो भगव्या वस्त्रातील मनुष्य निर्भयपणे सांगतो. पुढे १९९२ साली त्यांना पुजारीपदावरून दूर करण्यात आले आणि १९९३ साली त्यांचा खून झाला. या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. परंतु दूरदर्शनवर तो दाखविला जावा म्हणून दिग्दर्शकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. एका पुजाऱ्याला या चित्रपटाने सर्वांत उंच जागा दिली, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. धर्मसंस्थेची चिकित्सा आणि धार्मिक माणसाचा द्वेष या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे कळण्यास याहून चांगला धडा नाही.

"पण यामुळे लोकांच्या धार्मिक भावना दुखावतात त्याचे काय?" असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. १९२७ साली भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ घालण्यात आले आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ म्हणून अंमलात आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविताना हेही सांगितले की, बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला अपमानच या कलमाखाली येतो. सहज वा अनवधानाने झालेला येत नाही. परंतु व्यवहारात काय घडते? २०१२ साली मुंबईत विलेपार्ले येथील एका चर्चमधील क्रूसावरून पाणी ठिबकू लागले व लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. सनल एडामरुकू या विवेकवादी कार्यकर्त्याने ते पाणी तुंबलेल्या गटारातून भिंतीत झिरपून आलेले आहे, असे दाखवून दिले. त्यांच्यावर याच कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. २०२१ च्या जानेवारीत मुनव्वर फारुकी हा विनोदी नट इंदूरमध्ये पकडला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होईपर्यंत महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहिला. एके ठिकाणी तक्रारदार ख्रिस्ती, दुसऱ्या ठिकाणी हिंदू. भावना दुखावण्याचे दुखणे कोणत्याही एका धर्माचे नाही. दुसरीकडे, वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासा वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ पासून संविधानात लिहिलेले आहे. जिज्ञासेला तुरुंग दाखवून ते कर्तव्य पार पडेल काय?

परंतु येथे आपण आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हसू हे शस्त्र असेल, तर ते सर्वांत अधिक आपल्याच पाठीवर चालले आहे. आपल्या नावांना हसले गेले, आपल्या बोलीला हसले गेले, आपल्या अन्नाला हसले गेले; आजही महाविद्यालयाच्या वसतिगृहांत राखीव जागांवरून आपल्या मुलांना टोमणे ऐकावे लागतात. या हसण्याला कोणी विनोदाचे स्वातंत्र्य म्हणू लागला, तर त्याला ठणकावून सांगा की, जातीची कुचेष्टा ही चिकित्सा नव्हे. चिकित्सेचा रोख सत्तेवर असतो. कुचेष्टा जन्माचा शोध घेत येते. २०१२ साली पाठ्यपुस्तकातील एका जुन्या व्यंगचित्रावरून मोठे वादळ उठले, ते आपणांस आठवत असेल. शंकर यांनी १९४९ साली काढलेल्या त्या चित्रात संविधानाच्या गोगलगाईवर बाबासाहेब बसलेले आणि मागे नेहरू चाबूक उगारलेले दाखविले होते. चाबकाचे फटके ज्यांच्या पूर्वजांनी खाल्ले, त्यांना ते चित्र बोचले यात गैर काही नाही; ती बोच लेखणीने सांगणे हा आपला हक्क होता आणि कित्येकांनी तो बजावलाही. परंतु पुण्यात पाठ्यपुस्तकाच्या सल्लागार प्राध्यापकांच्या कार्यालयाची जी मोडतोड झाली, ती बाबासाहेबांच्या मार्गात बसत नाही. ज्या पुरुषाने आयुष्यभर ग्रंथ लिहून युक्तिवाद केला, त्याच्या नावाने खुर्च्या मोडणे शोभत नाही.

आणि आता दुसऱ्या अटीकडे येतो. 'रिलिजुलस'मध्ये ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान, मॉर्मन, सायंटॉलॉजिस्ट या साऱ्यांची झडती घेतलेली आहे. बौद्धांची घेतलेली नाही. म्हणून आपण निर्दोष ठरलो काय? मुळीच नाही. बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाने २०१७ साली 'द व्हेनरेबल डब्ल्यू.' हा अनुबोधपट काढला. त्यातील पूजनीय म्हणजे ब्रह्मदेशातील मंडाले येथील विराथू हा भिक्खू. काषाय वस्त्र, मृदू आवाज, समोर हात जोडून बसलेला उपासकवर्ग, आणि मुखातून मुसलमानांविषयी विखार! दिग्दर्शक त्याच्याशी भांडत नाहीत. ते त्याला बोलू देतात आणि त्याच्या बोलण्याशेजारी जळलेली घरे ठेवतात. त्याला विरोध करणारे भिक्खूही या चित्रपटात आहेत. त्याच वर्षी ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. करुणेचा धम्म सांगणाऱ्या देशात हे घडले. तेव्हा धर्म संघटित झाला, त्याला सत्ता मिळाली आणि त्याला प्रश्न विचारणे बंद झाले म्हणजे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखविण्याची गरज उरलेली नाही.

आपल्या गावाचेच घ्या. उद्या एखाद्या तरुणाने कॅमेरा घेऊन आपल्या विहारात पाऊल टाकले, तर त्याला काय काय दिसेल? वर्गणीचा हिशोब भिंतीवर लावलेला दिसेल की एकाच्या खिशात? परित्राणाचा दोरा शांततेची आठवण म्हणून बांधला जातो, की पूर्वीच्या गंड्यासारखा पीडा टळावी म्हणून? लग्नाची तारीख सुटीचा दिवस पाहून ठरते, की मागल्या दाराने जाऊन ज्योतिषाला विचारून? बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे आपण त्यांचा विचार वाचतो, की नारळ ठेवून मागणे मागतो? बावीस प्रतिज्ञा उच्चारणारे घर सोयरीक जुळविताना पोटजात विचारते की नाही? या प्रश्नांवर कोणी प्रहसन लिहिले, तर आपण त्याला धर्मद्रोही म्हणून हाकलून लावू, की पुढल्या रांगेत बसून हसू? आमच्या मते, आपण खरोखर धर्मांतर केले आहे की केवळ देव बदलले आहेत, याची परीक्षा याच ठिकाणी होईल.

या परीक्षेसाठी लागणारी शिकवण आपल्याजवळ आहे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, तथागत भिक्खूंना सांगतात की, कोणी माझी, धम्माची वा संघाची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर तो बोलतो ते खरे की खोटे, हे तुम्हांला समजणारच नाही. खोटे असेल तर ते का खोटे आहे हे दाखवून द्या. आणि कोणी स्तुती केली तर हुरळून जाऊ नका. भावना दुखावल्या म्हणून फौजदारी करा, असे त्या सुत्तात कोठेही नाही. ज्याचा शास्ता असे सांगून गेला, त्याला हसण्याचे भय कशाचे?

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या वंदनेनंतर, विहारात एक चांगला अनुबोधपट दाखवा. तो पूर्ण दाखवा. मोबाईलवर फिरणारे अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाहून कोणाविषयी मत बनवू नका, कारण तुकडे पाडणाऱ्याचाही काही हेतू असतो. नंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा आणि पहिला प्रश्न मुलीला किंवा सुनेला विचारू द्या. दर चार चित्रपटांत एक तरी बौद्धांविषयी असावा. गावात नकलाकार असेल तर त्याला आपल्या समितीची, अध्यक्षांची आणि आमच्यासारख्या लेखकांचीही नक्कल करू द्या. ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगू नका, मग ती विरोधकाविरुद्ध कितीही सोयीची असो.

आणि तरुणांनो, तुम्हांला एक वेगळी विनंती आहे. तुमची आजी परवापर्यंत खंडोबाची तळी उचलीत होती. तुमच्या शब्दाखातर ती विहारात आली. पण तिच्या बटव्यात कदाचित अजून भंडाऱ्याची पुडी असेल. तिला हसू नका. तिला त्या पुडीचे भय व तिची आशा कोणी शिकविली, कोणी तिच्या दुःखावर दक्षिणा कमाविली, त्याला हसा. शेजारी मयत असेल, सण असेल, तेथेही जीभ आवरा. पुण्णिका कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाच्या समजुतीला हसली, त्याच्या थंडीला हसली नाही. हा भेद ज्याला कळला, त्याने धर्माला खुशाल हसावे; जुन्या धर्माला हसावे, परक्या धर्माला हसावे, आणि स्वतःच्या विहारात बसून स्वतःलाही हसावे. आणि आई-बापांनो, मुलगा पुन्हा तसा हसला म्हणजे गप्प बसू नका. त्याच्याजवळ बसा, तो कोणाला हसतो आहे हे त्याला विचारा, आणि उत्तर योग्य असेल तर तुम्हीही हसा.